आक्रोश आणि मसुदा

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत तौलनिक अभ्यासाच्या नावाखाली जे प्रश्न वर्षानुवर्षे विचारले जातात, त्यांत 'अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि दलित साहित्य : साम्य व भेद' ह्या प्रश्नाचे स्थान अढळ आहे. त्याचे उत्तरही आता ठरून गेले आहे. वेदना, विद्रोह, नकार, आत्मभान हे चार शब्द ठराविक क्रमाने येतात आणि शेवटी दोन्ही साहित्यांचे वर्णन 'शोषितांचा आक्रोश' असे केले की उत्तर पुरे होते. ह्या उत्तरात खोटे काही नाही. ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणाचे परिणाम परीक्षेच्या कागदापुरते राहत नाहीत, असे आमचे म्हणणे आहे.

आक्रोश ऐकणाऱ्याला हळहळता येते. हळहळून झाले की तो मोकळा होतो. परंतु ज्या लोकांचा आक्रोश म्हणून आपण उल्लेख करतो, त्यांनी आक्रोशाबरोबर दुसरेही पुष्कळ लिहिले आहे. त्यांनी मेलेल्यांच्या याद्या केल्या, कलमवार मागण्या मांडल्या, शपथपत्रे गोळा केली, कायद्यांचे मसुदे तयार केले. मसुदा वाचणाऱ्याला हळहळून सुटता येत नाही. त्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणावे लागते. पोलिसी हिंसेविरुद्ध आणि आपल्या वस्तीचा कारभार आपल्या हाती असावा ह्यासाठी कृष्णवर्णीयांनी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जे संघटन केले, त्याचा खरा गद्यग्रंथ हा असा मसुद्यांचा आहे. आमच्या समीक्षेने तो उघडलेला नाही.

हा विषय आमच्यासाठी परका नाही. महात्मा फुले ह्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केला, त्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली होती. तो कृतज्ञतेचा आणि आशेचा संबंध होता. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२च्या मे महिन्यात, मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली तेव्हा ह्या संबंधाची दिशा बदलली. आता नाते मुक्त करणाऱ्यांशी नव्हते, स्वतःसाठी उभे राहिलेल्यांशी होते. पुढे जनार्दन वाघमारे ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकन निग्रो साहित्याची मराठी वाचकाला रीतसर ओळख करून दिली. (तो शब्द त्या काळचा. आज तो टाकून दिला गेला आहे आणि ते योग्यच आहे.) एवढे सगळे असूनही समुद्रापलीकडून आमच्या वर्गांत जे आले ते मुख्यतः नाव, काळा कोट, उगारलेली मूठ आणि कवितेतील दाहक प्रतिमा. त्या मुठीत बहुतेक वेळा एक कागद असे, ही गोष्ट वाटेतच कुठेतरी गळून पडली.

तो कागद कोणता? १९६६च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील ह्या दोन तरुणांनी ब्लॅक पँथर पक्षाचा दहा कलमी कार्यक्रम लिहिला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. आम्हांला काय पाहिजे आणि आम्ही काय मानतो अशी त्याची दोन अंगे आहेत. पहिले कलम आपल्या समाजाचे भवितव्य आपणच ठरविण्याच्या अधिकाराचे आहे. सातवे कलम पोलिसांची मारहाण आणि पोलिसांकडून होणाऱ्या हत्या थांबविण्याचे आहे. ह्या दोहोंच्या मध्ये रोजगार, घरे आणि शिक्षण आहे. म्हणजे पोलिसी हिंसा हा स्वतंत्र, सुटा प्रश्न म्हणून मांडलेला नाही. ज्याच्या हाती घराचे भाडे नाही, शाळेतला धडा नाही, त्याच्या दारातला पोलीसही त्याचा नसतो, अशी ती मांडणी आहे. हे कार्यकर्ते पोलिसांच्या गाड्यांमागे गस्त घालीत तेव्हा त्यांच्याजवळ बंदुका असत हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्याजवळ कायद्याची पुस्तके असत आणि अडविलेल्या माणसाचे हक्क ते रस्त्यावर मोठ्याने वाचून दाखवीत, हे फारसे ठाऊक नाही. उघडपणे भरलेली बंदूक बाळगण्यास मनाई करणारा कायदा कॅलिफोर्नियाने १९६७मध्ये केला. कायद्याच्या पुस्तकाला मात्र मनाई करता येत नव्हती.

आमचे म्हणणे नुसत्या तत्त्वावर न ठेवता एका शहराच्या आधारे तपासून पाहू. शिकागो हे ते शहर. तेथे ह्या लेखनाची परंपरा जवळजवळ अखंड दिसते.

तिचा आरंभ आयडा बी. वेल्स ह्यांच्यापासून धरावा लागतो. १८६२मध्ये मिसिसिपीत गुलामीत जन्मलेली ही बाई मेम्फिस शहरात वर्तमानपत्र चालवीत असे. १८९२मध्ये तेथे तिच्या ओळखीच्या तीन कृष्णवर्णीय दुकानदारांचा झुंडीने बळी घेतला. तिने त्याविरुद्ध लिहिले, तेव्हा तिचा छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला. नंतर ती शिकागोत स्थायिक झाली आणि १८९५मध्ये 'द रेड रेकॉर्ड' ही तिची पुस्तिका प्रसिद्ध झाली. तीत काय आहे? आकडे, नावे, ठिकाणे आणि प्रत्येक बळीवर ठेवलेला आरोप. हे आकडे तिने गोऱ्यांच्या मालकीच्या 'शिकागो ट्रिब्यून' ह्या पत्राने छापलेल्या नोंदींतून घेतले, कारण अतिशयोक्तीचा आरोप करण्यास कोणालाही जागा राहू नये. संतापाच्या सर्वोच्च क्षणी तिने विशेषणांचा मोह टाळून यादीचा आश्रय घेतला. शैलीचा अभ्यास करणाऱ्यांनी ह्या निवडीकडे पाहावे.

वेल्स यादीवर थांबल्या नाहीत. १९०९मध्ये इलिनॉय राज्यातील कैरो ह्या गावी एका कृष्णवर्णीय कैद्याला झुंडीने शेरीफच्या ताब्यातून नेऊन मारले. ज्या शेरीफच्या ताब्यातील कैदी असा मारला जाईल त्याचे पद जाईल, अशी तरतूद त्या राज्याच्या कायद्यात होती. शेरीफचे पद गेले आणि ते परत मिळावे म्हणून त्याने गव्हर्नरकडे धाव घेतली. वेल्स त्या गावात गेल्या, माहिती जमविली, लोकांच्या सह्या घेतल्या आणि सुनावणीत स्वतः उभ्या राहिल्या. गव्हर्नरने शेरीफला परत घेतले नाही. कायद्याचे एक झोपलेले कलम हलवून जागे करण्याचे हे काम होते. आमच्या पाठ्यपुस्तकांत ह्याला साहित्य म्हणत नाहीत, हे आम्हांला माहीत आहे.

१९५१च्या १७ डिसेंबरला ह्या परंपरेतील सर्वांत धाडसी मसुदा संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवला गेला. 'वुई चार्ज जेनोसाइड' हे त्याचे नाव. विल्यम पॅटरसन ह्यांनी तो पॅरिसमध्ये आणि थोर गायक-नट पॉल रॉब्सन ह्यांनी न्यूयॉर्कमध्ये सादर केला. वंशविच्छेदविरोधी करार संयुक्त राष्ट्रसंघाने १९४८मध्ये संमत केला होता. त्या कराराची व्याख्या घेऊन तिच्या एकेका शब्दासमोर अमेरिकेतील घटना तारीखवार मांडण्याची पद्धत ह्या दोनशेहून अधिक पानांच्या याचिकेने स्वीकारली. झुंडबळीचे काम आता झुंडीकडून पोलिसाच्या बंदुकीकडे गेले आहे, हा तिच्यातील एक मुख्य मुद्दा. राष्ट्रसंघाने तिची दखल घेतली नाही आणि पॅटरसन मायदेशी परतताच त्यांचे पारपत्र काढून घेण्यात आले. याचिका निष्फळ ठरली, असे तेव्हा कोणीही म्हटले असते.

१९६९मध्ये फ्रेड हॅम्प्टन शिकागोत पँथरांचे नेतृत्व करीत होता. वय वर्षे एकवीस. वस्तीतील मुलांना शाळेपूर्वी मोफत न्याहारी, मोफत दवाखान्याची तयारी, आणि पोर्तो रिकन व गरीब गोऱ्या तरुणांच्या संघटनांशी आघाडी हे त्याचे काम होते. ४ डिसेंबरला पहाटे पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घातला. त्यात तो आणि मार्क क्लार्क असे दोघे मारले गेले. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने पुरविला होता. पँथरांनी तुंबळ गोळीबार केला, असे सरकारी बाजूने सांगितले. येथे जे घडले ते आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. पोलिसांनी घराला मोहोर लावली नव्हती. पँथरांनी ते घर लोकांसाठी उघडले. हजारो माणसे रांगा लावून आली आणि त्यांनी भिंती वाचल्या. गोळ्या कोणत्या दिशेने गेल्या हे लाकडाला आणि गिलाव्याला पडलेल्या भोकांवरून साध्या माणसालाही दिसत होते. 'शिकागो ट्रिब्यून'ने पोलिसांच्या बाजूचा पुरावा म्हणून आतून झाडलेल्या गोळ्यांच्या खुणांची छायाचित्रे छापली. दुसऱ्या वर्तमानपत्राच्या बातमीदारांनी जाऊन पाहिले, तर त्या खुणा खिळ्यांच्या डोक्यांच्या निघाल्या. ज्या पत्राच्या नोंदींवर वेल्स ह्यांनी आपली यादी उभारली होती, तेच हे पत्र. नंतर केंद्रीय ग्रँड ज्युरीने नोंदविले की पोलिसांनी ८०हून अधिक गोळ्या झाडल्या आणि आतून फार तर एक झाडली गेली. १९८२मध्ये केंद्र, काउंटी आणि शहर ह्या तिघांनी मिळून १८ लाख ५० हजार डॉलर देऊन दावा मिटविला. संहितेचे बारकाईने वाचन कसे करावे हे आम्ही वर्गात शिकवितो. त्या डिसेंबरात एका अख्ख्या वस्तीने ते करून दाखविले होते.

ह्याच शहराच्या दक्षिण भागात १९७२ ते १९९१ ह्या काळात जॉन बर्ज नावाचा पोलीस अधिकारी आणि त्याच्या हाताखालचे लोक शंभराहून अधिक कृष्णवर्णीयांचा कोठडीत छळ करीत होते. विजेचे झटके, प्लास्टिकच्या पिशवीने श्वास कोंडणे, डोक्याला पिस्तूल लावून चाप ओढण्याचे नाटक अशा मार्गांनी कबुलीजबाब काढले जात आणि त्यांच्या बळावर काहींना फाशीच्या शिक्षाही झाल्या. बंदिवानांनी तुरुंगातून लिहिलेली पत्रे, त्यांच्या आयांनी काढलेले मोर्चे आणि थोड्या वकिलांची चिकाटी ह्यांमुळे हे प्रकरण मेले नाही. १९९३मध्ये बर्ज नोकरीतून गेला. छळाच्या गुन्ह्यांची मुदत टळून गेली होती, म्हणून शेवटी २०१०मध्ये त्याला दोषी ठरविण्यात आले ते खोटी साक्ष दिल्याबद्दल आणि न्यायात अडथळा आणल्याबद्दल.

आता न्यायालयाकडून मिळण्यासारखे फारसे उरले नव्हते. तेव्हा ह्या लढ्यातील मंडळींनी कलावंतांना आवाहन केले की ह्या छळाचे स्मारक कसे असावे ते कल्पून पाठवा. २०१२मध्ये शिकागोच्या एका कलादालनात ह्या कल्पित स्मारकांचे प्रदर्शन भरले. त्यात चित्रे होती, शिल्पांचे आराखडे होते, आणि वकील जोई मोगल ह्यांनी पाठविलेला एका कायद्याचा मसुदाही होता. शहराने माफी मागावी, भरपाई द्यावी, छळ सोसलेल्यांवर उपचार करावेत, हा इतिहास शाळांत शिकवावा, अशी त्याची कलमे. म्हणजे तो कायदा प्रथम कलाकृती म्हणून भिंतीवर लागला. त्यानंतर लोकांनी तो उचलला. पुढल्या वर्षी तो नगरसभेपुढे मांडला गेला आणि मोर्चे, धरणी, रस्त्यावरील वाचने अशा दीर्घ खटाटोपानंतर ६ मे २०१५ रोजी त्याचे सुधारित रूप संमत झाले. ५५ लाख डॉलरचा निधी, नगरसभेची जाहीर माफी, छळ सोसलेल्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना शहराच्या महाविद्यालयांत मोफत शिक्षण, उपचार केंद्र, आणि आठवी व दहावीच्या वर्गांत ह्या इतिहासाचे पाठ अशी त्याची फलश्रुती. ५७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलरपर्यंत रक्कम मिळाली. ठरविलेले स्मारक मात्र पुढे कित्येक वर्षे कागदावरच राहिले.

ह्याच काळात, २०१४मध्ये, शिकागोच्या तरुणांचा एक गट जिनीव्हा येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या छळविरोधी समितीपुढे गेला. आपल्या गटाला त्यांनी १९५१च्या याचिकेचेच नाव दिले होते. शहरातील तरुणांवरील पोलिसी हिंसेचा अहवाल त्यांनी सादर केला आणि सभागृहात ते हात वर करून नुसते उभे राहिले, निःशब्द. निष्फळ ठरलेला मसुदा ६३ वर्षांनी असा कामी आला. आक्रोशाची प्रतिध्वनी विरते. मसुदा फडताळात पडून राहतो आणि कोणीतरी तो पुन्हा उघडते.

ह्या सगळ्यामागे जी मागणी आहे तिचे नाव स्वयंनिर्णय. पोलीस चांगले वागावेत ही विनंती झाली. पोलिसांवर सत्ता कोणाची हा प्रश्न आहे. हॅम्प्टनच्या हत्येनंतर शिकागोत पोलिसांवर वस्तीचे नियंत्रण हवे ही मागणी पुढे आली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होत राहिली. पोलीसप्रमुख नेमणे आणि काढणे, नियम करणे, अंदाजपत्रक ठरविणे हे अधिकार लोकनियुक्त मंडळाकडे असावेत, असा तिचा संपूर्ण मसुदा होता. २०२१च्या जुलैत नगरसभेने जे संमत केले ती तडजोड होती. २२ पोलीस विभागांत प्रत्येकी तीन जणांची निवडून दिलेली मंडळे आणि त्यांच्यावर शहरासाठी एक आयोग. पहिली निवडणूक २०२३च्या फेब्रुवारीत झाली. पोलीसप्रमुखाच्या पदासाठी नावे सुचविण्याचा अधिकार आयोगाला मिळाला, अंतिम नेमणूक महापौर आणि नगरसभेकडेच राहिली. विभागीय मंडळांच्या हाती तर सल्ल्यापलीकडे फार काही नाही, आणि पोलीस संघटनेच्या पाठिंब्यावरही काही उमेदवार उभे राहिले. हे यश मानावे की पराभव, ह्यावर तेथील कार्यकर्त्यांतच मतभेद आहेत. आमच्या मते तो अर्धा लिहून झालेला मसुदा आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. याद्या आणि कलमे हीच जर थोर लेखनाची उदाहरणे, तर कवितेचे काय? साहित्याला पत्रकाच्या पायरीवर आणून बसवावयाचे आहे काय? आम्हांला तसे मुळीच म्हणावयाचे नाही. उलट शिकागोच्याच ग्वेंडोलिन ब्रुक्स ह्यांचे उदाहरण पाहावे. १९५०मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळविणारी ही पहिली कृष्णवर्णीय कवयित्री. १९६७मध्ये शहराच्या दक्षिण भागात चित्रकारांनी एका पडक्या इमारतीवर 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' हे भित्तिचित्र रंगविले, तेव्हा त्या भिंतीसाठी त्यांनी कविता लिहिली. त्याच सुमारास वस्तीतील टोळीत वावरणाऱ्या तरुणांसाठी त्या लेखनाचे वर्ग घेत होत्या. पुढे न्यूयॉर्कच्या नामवंत प्रकाशनसंस्थेऐवजी त्यांनी आपल्या कविता डेट्रॉइटच्या 'ब्रॉडसाइड प्रेस' ह्या छोट्या कृष्णवर्णीय प्रकाशनाकडे दिल्या. १९६९चा 'रायट' हा संग्रह तेथलाच. कवितेचा कस त्यांनी सोडला नाही. ती कोणाच्या छापखान्यात छापली जावी हे स्वतः ठरविले. हाही स्वयंनिर्णयच होय, आणि त्याची नोंद आशय-अभिव्यक्तीच्या आमच्या कोष्टकात कोठेही बसत नाही.

आता आमच्याकडे वळू. 'दलित पँथर'च्या उगमाशी एक अहवाल आहे, हे किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते? अस्पृश्यतेच्या स्थितीविषयीचा इळयापेरुमाळ समितीचा अहवाल १९७०मध्ये संसदेपुढे आला. त्यातील अत्याचारांच्या नोंदींनी आणि १९७२मधील बावडा व ब्राह्मणगाव येथील घटनांनी ते तरुण पेटून उठले. १९७३च्या जाहीरनाम्यात जमिनीच्या, मजुरीच्या, शिक्षणाच्या मागण्या आहेत. आम्ही नामदेव ढसाळांची कविता शिकवितो आणि ते योग्यच आहे. जाहीरनामा मात्र तळटीपेत जातो. मग विद्यार्थ्याच्या मनावर ठसते ते एवढेच की ही माणसे रागावली होती. त्यांना नेमके काय हवे होते हा प्रश्न तो विचारीतच नाही.

हा दोष केवळ पाठ्यक्रमाचा नव्हे. २०२०मध्ये मिनिआपोलिस येथे पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड ह्यांचा जीव गेला. ते दृश्य आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले, हळहळलो, काहींनी कविताही लिहिल्या. त्यानंतर त्या देशातील निरनिराळ्या शहरांत अंदाजपत्रकाच्या सुनावण्यांना रात्री उशिरापर्यंत बसून राहिलेल्या माणसांविषयी आमच्याकडे क्वचितच कोणी लिहिले. मरणाचे दृश्य आपल्याला पुरते, कारण त्यात आपल्याकडून काही मागितलेले नसते.

म्हणून अध्यापक मित्रांना आमची एक साधी सूचना आहे. ह्या साहित्यावरील पुढल्या व्याख्यानात एका कवितेशेजारी एक मसुदा ठेवावा. वेल्स ह्यांच्या यादीतील एक पान, दहा कलमी कार्यक्रम, किंवा शिकागोचा २०१५चा कायदा. दोन्ही संहिता सारख्याच बारकाईने वाचाव्यात. त्यांतील 'आम्ही' कोण, तो कोणाशी बोलतो, काय मागतो, आणि मागणी मान्य झाली तर कोणाच्या हातून काय जाईल, हे विद्यार्थ्यांना विचारावे. शेवटच्या प्रश्नाशी वर्ग थोडा अस्वस्थ होईल. तेथे घाई करू नये. साम्य आणि भेदाची चर्चा तेथून पुढे सुरू झाली तर ती खऱ्या अर्थाने तौलनिक ठरेल.